पूर्वीप्रमाणे, वर सहा

भिंत चाळीस सेंटीमीटरनं उंच झाली आणि त्याच आठवड्यात समुद्र चाळीस सेंटीमीटरनं खाली गेला. कचेरीत त्या दिवशी सगळ्यांना दोनदा चहा मिळाला.

ही बातमी जिनं आणली तिला सगळे मापवाली म्हणत. सव्वीस वर्षांची पोरगी. समुद्राच्या भिंतीवर बाहेरच्या अंगाला वरपासून खालपर्यंत काळे आकडे रंगवलेले होते. भरतीला पाणी कुठल्या आकड्याला टेकलं, ओहोटीला कुठवर उतरलं, हे कठड्यावरून वाकून बघायचं आणि वहीत लिहायचं, ही तिची नोकरी. ऐकायला एवढीशी वाटते. पण भरती रोज पन्नासेक मिनिटं उशिरा येते, आणि तिच्यामागून मापवालीचं अख्खं आयुष्य फरफटत जायचं. या सोमवारी बाराला जेवलेली पोरगी पुढच्या सोमवारी दुपारचं जेवण संध्याकाळी सहाला जेवायची. तिला बघायला आलेल्या एका मुलानं, "तुम्ही साधारण किती वाजता मोकळ्या असता?" असं विचारलं तेव्हा तिनं त्याच्या हातात भरतीचं छापील कोष्टक ठेवलं. तो परत आला नाही. कोष्टकही परत आलं नाही, आणि त्याचं तिला जास्त वाईट वाटलं.

कोष्टक म्हणजे समुद्र कुठल्या दिवशी, किती वाजता, किती चढणार हे वर्षभर आधी सांगणारं पुस्तक. भिंत वाढवायच्या आधी त्याचं आणि समुद्राचं चांगलं जमायचं. कोष्टकात चार मीटर साठ असलं की भिंतीवरही चार-साठ, फार तर बोट-दोन बोटं इकडेतिकडे. भिंत वाढवून, तिला नवं प्लास्टर करून, आकडे नव्यानं रंगवून झाले, आणि तेव्हापासून समुद्र रोज चाळीस सेंटीमीटर कमी भरायला लागला. अडतीस नाही, त्रेचाळीस नाही. चाळीस.

"साहेब, हे जरा विचित्र नाही वाटत?" तिनं पहिल्याच आठवड्यात मोठ्या साहेबांना विचारलं होतं. कचेरीत लहान साहेब कोणी नव्हते, पण त्यांना मोठे साहेबच म्हणत.

"काय विचित्र?"

"भिंत चाळीस वाढली आणि समुद्र बरोब्बर चाळीस उतरला."

"मग? जुळतंय की."

"पण समुद्र का उतरेल?"

"अहो, भिंत बघून," साहेब म्हणाले, आणि ते हसत नव्हते.

त्यांनी वर अहवाल पाठवला. वरून शाबासकीचं पत्र आलं, ते काचेच्या फ्रेममध्ये गेलं. मग साहेबांनी फर्मान काढलं की कोष्टकातल्या प्रत्येक आकड्यातून लाल शाईनं चाळीस वजा करावेत, कारण कोष्टक जुनं आहे आणि समुद्र सुधारलाय. मापवालीनं तीन दिवस बसून वजाबाक्या केल्या.

पण तिच्या डोक्यातून ते जाईना. तिला नुसतं कळून घ्यायचं होतं, की एवढं पाणी गेलं कुठे. तिनं आधी स्वतःच्या डोळ्यांवर संशय घेतला. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, डोळे उत्तम आहेत, तुम्ही कशाला आलात? मग तिनं चंद्रावर संशय घेतला, पण चंद्र वेळच्या वेळी येत होता. मग धक्क्याच्या पायऱ्या. पूर्वी चार-वीसला जी आठवी पायरी भिजायची ती आता तीन-ऐंशीलाच भिजत होती. ती साहेबांकडे गेली.

"पायऱ्या खचत असतील," साहेब म्हणाले.

"मग पलीकडचा खांब? तोही चाळीसनंच."

"तोही खचत असेल."

"आणि होड्या?"

साहेबांनी क्षणभर विचार केला. "होड्या तरंगतात. त्यांचं वेगळं असतं."

आठ महिन्यांत अशा रीतीनं कचेरीच्या दप्तरी भिंत सोडून सगळं गाव खचलं. मापवालीनं जगातल्या यच्चयावत गोष्टींवर संशय घेऊन पाहिला, फक्त एका गोष्टीवर नाही. भिंतीवरचे आकडे. कारण ते तिच्या बाबांनी रंगवले होते.

बाबांना गावात आकडेवाले म्हणत. घरांचे नंबर, बसचे नंबर, शाळेतल्या बाकांचे नंबर, सगळे त्यांच्या हातचे. त्यांच्या आठाला कंबर होती आणि दोनाला मान. अक्षरं ते रंगवत नसत. अक्षरात मतभेद असतात, आकड्यात नसतात, असं त्यांचं म्हणणं. वय अडुसष्ट झालं तरी दोरीला फळी बांधून भिंतीवरून खाली झुलत काम करायचे. पद्धत एकच, वरून खाली. रंगाचे थेंब खाली पडतात, वर पडत नाहीत, तेव्हा खालचं आधी रंगवलं तर त्यावर वरचं टपकणार. हे त्यांनी मापवालीला ती चार वर्षांची असताना सांगितलं होतं, आणि त्यानंतर साधारण रोज.

आणि त्या वर्षातली सगळ्यात मोठी भरती येत्या गुरुवारी होती. दुपारी बारा-चाळीस. कोष्टकात पाच मीटर बारा. लाल शाईनं, चार-बहात्तर.

हा फरक कोणाच्या पायाशी येणार होता, ते सांगायला हवं. भिंतीला एका ठिकाणी हातगाडी जाईल एवढं भगदाड ठेवलेलं होतं, वाळूवर ये-जा करायला. त्याला दार म्हणत, पण दार नव्हतं. दोन बाजूंना खाचा होत्या, त्यांत पाच जाड फळ्या एकावर एक सरकवल्या की दार बंद. दाराचा उंबरा पाच मीटरवर होता, आणि दारातून आत आलं की उतार थेट खालच्या गल्लीत जायचा. गल्लीत पहिलंच दुकान आत्याचं.

आत्या, म्हणजे बाबांची थोरली बहीण, पुस्तकं बांधायची. वाचनालयाची चारशे फाटकी पुस्तकं सध्या तिच्याकडे होती, आणि त्यांतली निम्मी उसवलेली. उसवलेलं पुस्तक म्हणजे सुट्या घड्यांची चवड. जरा धक्का लागला की गोष्ट शेवटापासून सुरू होते. टेबलं भरली, कपाटं भरली, बाकीच्या चवडी जमिनीवर रांगेनं, आणि त्यांच्यामध्ये आत्या पाय कुठे टाकायचा हे एकटीलाच माहीत असल्यासारखी फिरायची. ती जे बांधायची ते सगळं वाचायची. गिऱ्हाईक पुस्तक न्यायला आलं की शेवट सांगून मोकळी व्हायची.

मंगळवारी मापवाली डबा घेऊन तिच्याकडे गेली तेव्हा आत्याच्या मांडीवर मापाची सगळ्यात जुनी वही होती. कचेरीनं बांधायला दिलेली.

"बयो, ही पितळी खूण म्हणजे काय गं?"

"कुठली?"

"हे बघ, पहिल्याच पानावर. 'भिंतीवरील सहाचा आकडा आणि कचेरीच्या उंबऱ्यावरील पितळी खूण एका पातळीत आहेत. शंका आल्यास ताडून पाहावे.'" आत्यानं चष्म्यावरून बघितलं. "तुला शंका आलीय ना आठ महिने? का उगाच आमचं डोकं खातेस?"

मापवालीनं डबा न उघडताच तशीच कचेरी गाठली. उंबऱ्यावर रुपयाएवढं पितळ होतं. त्यावर सगळे चपला घासून आत यायचे. ती तिथे वाकून बसली आणि समोर भिंतीकडे बघितलं. पूर्वी या उंबऱ्यावरून भिंतीच्या माथ्यावरून थेट समुद्र दिसायचा, असं शिपाई नेहमी सांगायचा. आता बसल्या जागी तिला फक्त भिंत दिसत होती.

ती घरी गेली.

"बाबा, माझ्याबरोबर एक पाइप धराल?"

"कसला?"

"गवंड्याचा. लेव्हल बघायचा."

बाबांनी कारण विचारलं नाही. त्यांना पाइप आवडायचा. बोटाएवढी पारदर्शक नळी, वीस पावलं लांब, आत पाणी. दोन टोकं कुठेही नेली तरी दोन्हीकडचं पाणी एकाच उंचीवर उभं राहतं. गवंडी बिचारा त्याच्या जोरावर घरं सरळ बांधतो. एक टोक मापवालीनं पितळी खुणेला लावलं. दुसरं घेऊन बाबा कठड्यावरून खाली वाकले आणि आकड्यांना टेकवलं.

"कुठे आलंय?" ती ओरडली.

बाबांनी पाइपाचं टोक हलवून पाहिलं.

"बाबा?"

"हवा शिरलीय पाइपात."

त्यांनी हवा काढली. पुन्हा लावलं. मग बाबा म्हणाले, तू इकडे ये, मी खुणेला धरतो, तुझा हात हलतो. त्यांनी टोकं बदलली. मग त्यांनी पाइपातलं पाणी बदललं. चौथ्या खेपेला मापवाली भिंतीवरून खाली बघत होती आणि पाणी, आधीच्या तिन्ही खेपांच्याच ठिकाणी, पाच-साठच्या आकड्यापाशी शांत उभं होतं. त्या साठातल्या सहाचं पोट इतकं सुबक होतं की तिला एकदम वाईट वाटलं.

सहा पाहिजे होता. पाच-साठ होता. चाळीस सेंटीमीटर सापडले होते.

बाबा कठड्याला टेकून खाली बसले. खिशातून पाकीट काढलं, पाकिटातून घडी घातलेला कागद. कामाचे सगळे हुकूम ते जपून ठेवायचे. "हे बघ. 'आकडे पूर्वीप्रमाणे रंगवावेत. वर सहा.' वर सहा म्हणजे वर सहा. मी माथ्यावर सहा काढला आणि खाली आलो."

"पण माथा वर गेला होता ना, बाबा."

"मला सांगितलं कोणी?"

"तुमच्यासमोरच तर वाढवली भिंत. तुम्ही रोज बघायला जात होतात."

"बघायला जात होतो. रंगवायला गेलो तेव्हा कागद घेऊन गेलो." त्यांनी कागद पुन्हा घडी घातला. "म्हणजे समुद्र..."

"होता तिथेच आहे. जरा वरच असेल. आकडे वर गेले."

"आठ महिने तू माझ्यामुळे खोटं लिहितेयस वहीत?"

"खोटं नाही. दिसलं तेच लिहिलं."

"तेच ते," बाबा म्हणाले.

बुधवारी सकाळी ती साहेबांपुढे उभी राहिली. साहेबांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग फ्रेममधल्या पत्राकडे बघितलं, मग तिच्याकडे, मग पुन्हा पत्राकडे.

"म्हणजे तुमचं म्हणणं, समुद्र उतरलाच नाही."

"नाही."

"हे लेखी द्या. समिती बसेल पुढच्या महिन्यात."

"साहेब, भरती उद्या आहे."

"उद्याची चार-बहात्तर आहे. लाल शाईत बघा. तुम्हीच लिहिलंय."

ती तिथून थेट दाराशी गेली. फळ्या लावणं-काढणं ज्यांच्याकडे होतं त्यांना फळीकाका म्हणत. ते दाराशेजारी बाकावर बसून दुर्बिणीतून शंभर पावलांवरचे आकडे बघत असत. पाणी चार-ऐंशीच्या लाल रेघेला टेकलं की फळ्या लावायच्या. टेकलं नाही तर लावायच्या नाहीत. त्यांनी एकतीस वर्षांत एकदाही स्वतःचं डोकं वापरलं नव्हतं, आणि त्याचा त्यांना रास्त अभिमान होता.

"काका, उद्या फळ्या लावा."

"आकडा दाखव, लावतो."

"आकडे चुकलेत, काका. मागच्या पंधरवड्यात पाणी उंबऱ्यापर्यंत आलं होतं की नाही? खरं सांगा."

"आलं होतं. चार बोटं खाली."

"मग तेव्हा आकडा किती होता?"

"साडेचार."

"आणि उंबरा पाचवर. मग पाणी चार बोटं खाली कसं असेल?"

फळीकाकांनी दुर्बीण पुसली. "मलाही नवल वाटलं होतं."

"मग?"

"मग काय? वाटून झालं. हे बघ पोरी, माणसाचं ऐकायला लागलो तर एक म्हणतो लाव, दुसरा म्हणतो काढ. मी आकड्याचं ऐकतो. तुझ्या बापाचा आकडा आहे, त्याच्यावर अविश्वास दाखवू?"

संध्याकाळी आत्याच्या दुकानात तिघं बसली. आत्यानं टेबलांवर जेवढ्या चवडी मावतील तेवढ्या चढवल्या होत्या. खालची एक रांग उरली होती, आणि खोलीच्या मधोमध पुस्तकं दाबायचं लोखंडी दाबयंत्र, जे चार माणसांनाही हलत नसे.

"वरच्या मजल्यावर नेऊ या सगळं," मापवाली म्हणाली.

"चार दिवस लागतील. तुझा तो समुद्र थांबणारे का? विचार त्याला." आत्या भावाकडे वळली. "आणि तू रे? तोंड पाडून काय बसलायस? आकडे चुकलेत तर दुरुस्त कर."

"आकडे बदलायला साहेबांची सही लागते, ताई."

"आणि रंगवायला?"

"रंगवायला नाही लागत. कायमचा हुकूम आहे, आकडे पुसट झाल्यास रंगवावेत."

"मग कर पुसट," आत्या म्हणाली, आणि टेबलाखालून तिनं तारेचा ब्रश काढून त्याच्यापुढे ठेवला.

बाबांनी ब्रशच्या तारांवरून अंगठा फिरवला. "आठ महिन्यांत माझे आकडे पुसट होत नाहीत," ते म्हणाले. "लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, आकडेवाल्याचा हात गेला. मग? माझं दुकान गेलं तर काय म्हणतील?"

गुरुवारी सकाळी सातला बाबा दोरीवर बसले. मापवालीनं पाइपानं खुणेची पातळी आणून दिली, त्यावर खडूनं रेघ मारली. मग बाबांनी तारेच्या ब्रशनं स्वतःचे आकडे खरवडायला घेतले. वर कठड्यावर आत्या दुकान बंद करून येऊन उभी राहिली होती.

"झाले का पुसट?" ती दर पाच मिनिटांनी विचारायची.

"अजून सहा दिसतोय."

"चांगला रंग वापरतोस मेल्या, हाच तुझा दोष."

साडेआठला भिंत पांढरी झाली. बाबांनी झटपट वाळणारा काळा रंग ढवळला, वर माथ्यावर गेले, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या भिंतीच्या माथ्यावर सहाऐवजी सहा-चाळीस काढला. काढून झाल्यावर मान तिरकी करून त्याकडे बघितलं. मग थोडे खाली सरकले. सहा-तीस. सहा-वीस.

पाणी वर यायला लागलं होतं. वरून बाबा खाली येत होते, खालून समुद्र वर. घाई दोघांनाही नव्हती.

"बाबा, आधी चार-ऐंशी काढून घ्या!" मापवाली ओरडली. "लाल रेघ तेवढी आधी काढा!"

"वरून खाली!"

"अरे पण वेळ कुठाय!" आत्या म्हणाली.

"थेंब पडतील!"

"पडू देत की थेंब!"

"ताई, तू वर आहेस, मी खाली आहे, तुला काय दिसतंय?"

साडेदहाला ते साडेपाचवर होते. अकराला पाच-वीसवर. त्यांच्या चपला काढून ठेवलेल्या होत्या आणि अनवाणी पायांना लाटांचे शिंतोडे लागत होते. मापवालीनं घड्याळ बघितलं, पाणी बघितलं, आणि आपण या क्षणी घाबरायला हवं होतं हे तिच्या लक्षात आलं. पण ती खरं तर मोजत होती. बाबा दर दहा मिनिटांना दहा सेंटीमीटर. समुद्र आता जरा हळू, शेवटी शेवटी तो नेहमी हळू होतो. दोघं साधारण चार-सत्तरला भेटणार. तिनं ते पेन्सिलीनं वहीच्या कोपऱ्यात लिहूनही ठेवलं.

चार-ऐंशी काढून त्याखाली लाल रेघ ओढून बाबांनी चार-सत्तरला हात घातला. चार झाला, सात झाला. शून्य अर्धं झालं तेव्हा एक लाट आली आणि ते अर्धं घेऊन गेली.

"ओढा मला!" बाबा म्हणाले.

दोघींनी मिळून त्यांना वर ओढलं. त्यांच्या पायजम्याचा गुडघ्यापर्यंतचा भाग ओला होता. वर आल्यावर ते सर्वात आधी वाकून बघायला गेले. "सातची मान जरा जाड झालीय," ते म्हणाले.

अकरा-पन्नासला पाणी लाल रेघेला टेकलं. शंभर पावलांवर फळीकाकांनी दुर्बीण डोळ्याला लावली, काढली, पुसली, पुन्हा लावली. मग ते उठले. चार फळ्या भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या. पाचवी दिसेना. तिघं धावत पोचली तोवर काका इकडेतिकडे शोधत होते.

"काका, तुम्ही बसता कशावर?" मापवालीनं विचारलं.

काकांनी बाकाकडे बघितलं. दोन दगडांवर ठेवलेली पाचवी फळी, आठ महिने त्यांच्या वजनानं गुळगुळीत झालेली. "तरी म्हटलं हा बाक आला कुठून," ते म्हणाले.

फळ्या फुगल्या होत्या. आत्यानं आणि बाबांनी वरून ठोकल्या, काकांनी खालून शिव्या दिल्या, आणि बारा-वीसला पाचवी जागेवर बसली. त्या वेळी बाहेरचं पाणी उंबऱ्यावर चढत होतं. आधी नुसतं ओलं, मग बोटभर, मग तीन बोटं. फळ्यांच्या फटींतून बारीक धारा आत येऊ लागल्या. आत्या दुकानात गेली आणि पुस्तकांच्या पाठीला लावायच्या कापडाच्या पट्ट्यांचा भारा घेऊन आली. घड्या दाबायची तिची हाडाची पट्टी तिनं कमरेला खोचली होती. एक एक फट हेरून ती कापड आत कोंबायला लागली, पुस्तकाची पाठ भरतात तशी, बारीक, घाई न करता.

"कुठली शिलाई म्हणायची ही?" फळीकाकांनी विचारलं.

"गप बसा. घडी धरा."

बारा-चाळीसला मोठे साहेब आले. घामाघूम. त्यांनी वाटेत भिंतीवरचे आकडे पाहिले होते.

"पाच-बारा!" ते मापवालीला म्हणाले. "काल चार-छप्पन्न होतं! एका दिवसात छप्पन्न सेंटीमीटर? मी वर काय सांगू?"

"सांगा, समुद्र परत आला."

"परत आला म्हणजे? कुठे गेला होता?"

"रजेवर."

साहेबांनी फळ्यांकडे बघितलं. पलीकडे पाणी अर्धी वीत उभं होतं. ते दिसत नव्हतं, पण लाकडाच्या आवाजावरून कळत होतं. साहेब फळ्यांना हात लावून उभे राहिले. बहुधा आठ महिन्यांत पहिल्यांदाच ते समुद्राच्या इतक्या जवळ आले होते. "हे धरेल ना?" त्यांनी हळूच विचारलं.

"आज धरेल," फळीकाका म्हणाले. "पाचच फळ्यांच्या खाचा आहेत. भिंत तुम्ही वाढवलीत, साहेब. खाचा वाढवल्या नाहीत."

मग आत्या दुकानात गेली आणि तिथूनच ओरडली, "अगं बयो, इकडे ये बघू!"

मापवाली धावली. दुकानाच्या फरश्यांमधल्या सांध्यांतून पाण्याचे मणी वर येत होते. दाराकडून नाही, उतारावरून नाही. गल्ली कोरडी होती. खोलीच्या बरोब्बर मधून, दाबयंत्राखालून, जमिनीला घाम फुटावा तसे मणी यायचे, एकमेकांना मिळायचे आणि एक चकचकीत चट्टा व्हायचा. मापवालीनं बोट बुडवून जिभेला लावलं.

"खारट."

"भिंत तर धरून आहे!" साहेब दुकानाच्या दारातून म्हणाले.

"भिंत धरून आहे. हे खालून आलंय."

"खालून कसं येईल? समुद्र त्या बाजूला आहे."

मापवाली फरशीवर बसलीच. तिला हे आधी कधी सुचलं नव्हतं. एवढी वर्षं ती पाणी वर किती चढतं हे बघत होती. ते भिंतीच्या खालून, वाळूतून, दगडांच्या फटींतून, पाइपातल्या पाण्यासारखं आपली पातळी शोधत इकडे उभं राहत असेल, हे तिच्या डोक्यात आलं नव्हतं. बाहेर पाच-बारा. इथली जमीन किती खाली? तिनं खिशातून पेन्सिल काढली.

"नंतर काढ चित्रं!" आत्या गरजली. "आधी खालची रांग उचला! सरळ उचला, पालथं करू नका. साहेब, तुम्ही काय बघताय? घ्या ही, पान एक ते चौसष्ट. आणि ही, पासष्ट ते एकशे अठ्ठावीस. क्रम मोडलात तर याद राखा."

साहेबांनी बूट काढले आणि दोन्ही हातांवर पानं एक ते चौसष्ट घेऊन जिना चढू लागले. फळीकाका मागून. बाबा त्यांच्या मागून. वीस मिनिटांत खालची रांग रिकामी झाली. तीन पुस्तकांचे तळ भिजले, बाकीची वाचली. पाणी जमिनीवर बोटभर चढून थांबलं आणि दाबयंत्राच्या लोखंडी पायांभोवती निवांत पसरलं.

आत्या खुर्चीवर पाय वर घेऊन बसली आणि ओल्या तीन पुस्तकांच्या घड्या वाऱ्यावर उलगडायला लागली. "यातल्या एकाचा शेवट मला अजून माहीत नाही," ती स्वतःशीच म्हणाली.

मापवाली दुकानाच्या दाराच्या चौकटीजवळ उकिडवी बसली. पाणी जिथे टेकलं होतं तिथे तिनं पेन्सिलीनं बारीक रेघ मारली, घड्याळ बघितलं आणि वही उघडली. वहीत दोनच रकाने होते, भरती आणि ओहोटी, आणि दोन्ही भिंतीच्या बाहेरचे. तिनं त्यांच्याशेजारी हातानं तिसरा आखला.

बाबा तिच्यामागे येऊन उभे राहिले. त्यांच्या हातात ब्रश होता, डब्याच्या तळाशी थोडा रंग उरला होता. त्यांनी चौकटीकडे नीट बघितलं, रेघेकडे बघितलं.

"इथे आकडे काढायचे असतील तर शून्य कुठे धरू?"

"धर तुझ्या डोक्यावर," आत्या खुर्चीवरून म्हणाली.

"थांबा, बाबा," मापवाली म्हणाली. रेघेपाशी पाणी अजून किंचित हलत होतं, आणि ते वर सरकतंय की खाली, हे बघायला तिनं आणखी वाकून डोळा जमिनीलगत नेला.